दोन इंच माया

मास्तरांना मी ओळखत होतो असं म्हणणं जरा जास्तच होईल. तीन वर्षं आमची दारं समोरासमोर होती, एवढंच. त्यांचं लहानपण, आईवडील, कशाविषयीच मला काही ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि ते न विचारता बोलणाऱ्यांतले नव्हते. एका दुपारी वीज गेली म्हणून आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा ते एकदाच सलग बोलले. तेवढंच इथे मांडतोय. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा मागेपुढे होईल.

मास्तर शिंपी होते. बाजारामागच्या गल्लीत दुकान आणि दुकानाच्या पाठच्या भाड्याच्या खोलीत संसार. मूलबाळ नव्हतं. दोन माणसं आणि दोन मशीन. कामाची वाटणी लग्नानंतर महिन्याभरातच ठरून गेली होती. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून आकडा सांगत, आणि त्यांच्या बाई स्टुलावर बसून वहीत लिहीत. मास्तर सांगायचे ते अंगाचं नेमकं माप. बाई लिहिताना त्यात दोन इंच मिळवायच्या. ही माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला की उसवून तेवढं वाढवता येतं. मास्तर छत्तीस म्हणाले की बाई अडतीस लिहिणार आणि तोंडानेही अडतीसच म्हणणार. बत्तीस वर्षांत यावर दोघांत एक शब्द झाला नव्हता.

मग बाईंचे पाय जाऊ लागले. आधी मशीनच्या पायट्यावरचा पाय जड झाला, मग हातात काठी आली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, वर्षभरात खुर्ची लागेल, चाकांची. भाड्याच्या खोलीचं न्हाणीघर अंगणापलीकडे होतं, चार घरांत एक. बाईंनी त्या रात्री जेवताना सांगून टाकलं, "मला कुणी उचलून न्हाणीत नेलेलं चालायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. खुर्चीवरून माझी मी जाईन असं घर बघा. बाकी कसंही असू दे."

घर पाहावं बांधून म्हणतात. मास्तर म्हणाले, नुसतं पाहूनच माणूस अर्धा होतो.

खुर्ची अजून घेतली नव्हती. मास्तर दुकानात जाऊन तिचं माप घेऊन आले होते. चाकांसकट पंचवीस इंच. तेवढा आकडा डोक्यात ठेवून दोघं दर रविवारी निघत. दलाल पुढे, तोंडाचा पट्टा सुरू. पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. दलाल म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी बसतेच आहे." बाई खालच्या पायरीवर टेकल्या. "लिफ्ट पुढच्या वर्षी येणार आणि माझे पाय या वर्षी जाणार. त्यांची गाठ कुठे पडायची?"

दुसरं तळमजल्यावर, नुकता रंग दिलेलं. बाईंनी भिंतीला तळवा लावला आणि हात मास्तरांच्या गालाला टेकवला. हात गार पडला होता. "वरून कोरं, आत ओलं अस्तर," त्या म्हणाल्या. दलालाने हसून दाखवलं.

तिसऱ्या घरात माणसं अजून राहत होती. बोळात खाटेवर एक म्हातारी पडून होती, डोळे उघडे. तिला वळसा घालून सगळे आत गेले, आले. "आजी जाणार आहेत, ती काळजी नको," दलाल म्हणाला. बाईंनी विचारलं, "कुठे?" घरातल्या सुनेने खिडकीबाहेर पाहिलं. घरी येताना बाईंनी मास्तरांचा दंड घट्ट धरला होता. काठी असूनही.

असे पाच महिने गेले. बाईंना आता शंभर पावलं चालवत नव्हती. त्या दिवसांत आमच्या समोरचं घर निघालं. तळमजला, उंबरा नाही, उजेड बरा. बाई खोलीच्या मधोमध वही घेऊन दलालाने आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मास्तर टेप घेऊन फिरू लागले. दलाल पाण्याची वेळ सांगत होता, शेजार सांगत होता, अजून दोन गिऱ्हाइकं संध्याकाळी यायची आहेत म्हणून सांगत होता. संडासही न्हाणीघरातच होता. मास्तर न्हाणीघराच्या दाराशी वाकले, चौकटीच्या आतून आत टेप धरला आणि दुकानात सांगत तसे म्हणाले, "चोवीस."

बाईंनी लिहिलं, सव्वीस. तोंडाने म्हणाल्याही, "सव्वीस. अहो, एक इंच सुटतोय." आणि मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या कानांना बत्तीस वर्षं स्वतःचा आकडा दोनने वाढूनच परत ऐकायची सवय होती. त्यात काही खटकलं नाही.

दुकानामागची खोली सोडली, गाठीशी होतं ते सगळं घातलं. चार महिन्यांनी बाईंचे पाय पुरते गेले आणि खुर्ची आली. त्या सकाळी बाई न्हाऊन घ्यायला म्हणून स्वतःच चाकं फिरवत निघाल्या. दाराशी खुर्ची थटली. मागे घेऊन सरळ केली, पुन्हा थटली. दोन्ही चाकांना चौकट लागत होती.

मास्तरांनी टेप लावला. चोवीस. मग वही काढली. सव्वीस, बाईंच्या अक्षरात. त्यांना सगळं त्याच क्षणी कळलं.

"किती सांगितलं होतं तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"सव्वीस," मास्तर म्हणाले. "माझंच चुकलं. टेप ढिला धरला असणार."

बाईंनी चाकं मागे घेतली. मग म्हणाल्या, "तुमचा टेप कधी ढिला नसतो."

त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाला नाही.

गवंडी आणला. त्याने ठोकून पाहिलं. एका बाजूला इमारतीचा खांब, दुसऱ्या बाजूला वरच्या चार मजल्यांच्या पाण्याचे नळ. "हात लावला तर वरचे लोक तुम्हाला राहू देणार नाहीत, मास्तर," म्हणाला. लहान चाकांची खुर्ची त्या दारातून जात होती, पण ती मागून ढकलावी लागते. म्हणजे परत मास्तर आलेच. बाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मास्तर सकाळी त्यांचं सगळं आटपून दुकानात जात, दुपारी येत, परत जात. घरी बसून शिवतो म्हणाले तर बाईंनी ऐकलं नाही. गिऱ्हाईक तुटलं तर खायचं काय? तेही खरं होतं. हळूहळू मास्तरांना दुपारच्या खेपेला काही करावंच लागेना. बाई म्हणायच्या, मला लागलेली नाही. त्यांना वाटलं, अंगवळणी पडलं. उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा. रोज सकाळी ते तो ओतून नवा भरत. बाई दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, हे लक्षात यायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. उन्हाळ्यात ताप आला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं खराब झाली आहेत, फार दिवसांचं दुखणं आहे, तुम्हाला कळलं कसं नाही. अकरा दिवसांत बाई गेल्या.

मी समोरच राहत होतो. मलाही कळलं नाही. बाईंचा आवाज एवढा खणखणीत, दारातून माझी टिंगल करायच्या, "भाऊ, इस्त्री केलेला सदरा एकदा तरी घाला, समोर शिंपी राहतो." आजारी माणूस असा बोलतो असं मला वाटलं नाही.

पुढे मास्तरांनी घर विकायला काढलं. बघायला येणाऱ्याला आधी न्हाणीघराच्या दाराशी नेऊन टेप लावून दाखवायचे. लोक बावचळायचे. एका तरुण जोडप्याने घेतलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझा सदरा आणून दिला. मी बारीक झालो होतो, बाजू आत घ्यायला टाकला होता. कुठे जाणार, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

"घालून बघा एकदा," मास्तर म्हणाले.

"तुमच्या मापाला काय बघायचं, मास्तर?" मी म्हणालो.

"तरी बघा."