मधेच येणारा 'नॉट'

स्मितावहिनी नसत्या तर आज मी या खुर्चीत नसतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं. वहिनी नात्यातल्या नव्हेत, नागपूरच्या. तिथं कोर्टात वकिली करत होत्या. इकडं अमेरिकेत, एडिसनला आल्या त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे, एच-फोर व्हिसावर. एच-फोर म्हणजे इथं राहा, गाडी चालवा, शिका, पण काम करायचं नाही. मी इचलकरंजीचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि यंत्रमागावर लागलो. पुढे थोरल्या बहिणीनं कागदपत्रं करून मला इकडं बोलावून घेतलं.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. ओक ट्री रोडवरच्या एका इन्शुरन्स ऑफिसात मी फाइली लावायचो, फोन घ्यायचो. लाइफ आणि हेल्थच्या लायसन्सची परीक्षा दिली आणि नापास झालो. दुसऱ्या दिवशी मालकांनी, म्हणजे शहासाहेबांनी, आत बोलावलं.

"दत्ता, लोक तुझ्याशी मनमोकळं बोलतात. पण लायसन्स नसलेल्या माणसानं पॉलिसीबद्दल एक शब्द समजावून सांगायचा नाही, असा कायदा आहे. मला त्या खुर्चीत लायसन्सवाला पाहिजे."

"म्हणजे मी जाऊ?"

"अरे यार, अजून एक चान्स घे. नाही झालं तर मला दुसरा बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्याआधी मी एका गोदामात खोकी उचलत होतो. कंबर तिथंच गेली होती. ही खुर्ची गेली तर पुन्हा गोदामच होतं, आणि कंबर काही ते मानणार नव्हती.

त्याच आठवड्यात वहिनी नवऱ्याच्या पॉलिसीचे कागद द्यायला आल्या. माझ्या टेबलावर परीक्षेचं पुस्तक उघडं होतं. प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेला.

"परीक्षा आहे का, भाऊ?"

"झाली. नापास झालो."

"मग पुन्हा द्या. काहून तोंड पाडून बसता?"

त्यांनी सहज म्हणून पुस्तक हातात घेतलं आणि उभ्या उभ्याच वाचत राहिल्या. शहासाहेबांनी खुर्ची दिली, तरी लक्ष नाही. मग म्हणाल्या, "किती दिवसांनी कायद्याचं काही वाचतेय. शनिवारी लायब्ररीत या. मी शिकवते."

मी फीचं विचारलं तर हसल्या. "पैसे घेतले की ते काम झालं. आणि काम करायची मला इथं बंदी आहे."

शनिवारी सकाळी लायब्ररीत बसायला लागलो. वहिनी आधी पुस्तक मिटून ठेवायच्या आणि गोष्ट सांगायच्या.

"समजा हप्त्याची तारीख उलटून गेली. माणूस भरायला विसरला. आणि तेवढ्यात वारला. कंपनी पैसे देईल?"

"कशाला देईल? चूक त्याची."

"देईल. याला ग्रेस पीरियड म्हणतात. तारखेनंतर साधारण महिनाभर पॉलिसी जिवंत असते. राहिलेला हप्ता कापून घेतात, बाकी सगळं घरच्यांना."

कायदा म्हणजे चुकलेल्या माणसाला धरायला असतो, अशी माझी समजूत. इथं तर माणूस विसरणारच, हे कुणीतरी आधीच धरून चाललं होतं आणि त्याच्या बायकापोरांची सोय करून ठेवली होती. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तसंच फ्री लुकचं. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही, तर ठरावीक दिवसांत परत करा, सगळे पैसे परत.

"साडीसारखं," मी म्हणालो.

"साडीचे पैसे कोण परत देतं, भाऊ? बदलून देतात फक्त."

तोंडी विचारलेलं सगळं मला येत होतं. सराव पेपर मात्र पुन्हा नापास. वहिनी चक्रावल्या. त्यांनी चुकलेला एक प्रश्न पुढे सरकवला. "हा मला मराठीत वाचून दाखवा."

मी वाचला, "खालीलपैकी कोणतं एजंटचं काम आहे?"

"नॉट कुठं गेला?"

मी पाहिलं. होता, वाक्याच्या मधोमध. चांगला मोठ्या अक्षरांत.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आपल्यात 'नाही' शेवटी येतं. तुम्ही त्याची वाट बघत शेवटापर्यंत जाता, आणि हा मधेच येऊन गेलेला असतो. डोळे इंग्रजी वाचतात, कान मराठीच आहे." मग बोट रोखून म्हणाल्या, "प्रत्येक प्रश्न आधी मराठीत म्हणायचा. 'नाही' शेवटी. त्याशिवाय उत्तराला हात लावायचा नाही."

तसं केल्यावर पेपर सुटायला लागले.

परीक्षेच्या सेंटरवर ओळखपत्र पाहिलं, खिसे रिकामे करायला लावले. कितवी शिकलास, हे काही कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारी टाय लावलेला एक गृहस्थ होता. त्यालाही तसलाच कॉम्प्युटर, तसलीच खुर्ची. मला त्याचंच नवल वाटत राहिलं.

आठ-दहा प्रश्न झाले असतील. खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. तिथल्या बाई होत्या.

"सर, नो टॉकिंग. पुन्हा बोललात तर टेस्ट बंद करावी लागेल."

मी पुटपुटत होतो! सॉरी म्हटलं. मराठीत म्हणायचं नाही तर 'नॉट' सांभाळायचा कसा? पुढच्या प्रश्नावर नुसता बसून राहिलो. घड्याळ पळत होतं. मग मांडीवरचा हात आपोआप हलला. मागाच्या शेडमध्ये एवढा खडखडाट असतो की बोललेलं ऐकू येत नाही. तिथं आम्ही हातानंच बोलायचो. 'नाही' म्हणजे तळहात खाली, आडवा. मी तसा हात मांडीवर पसरला. प्रश्नात नॉट दिसला की हात आडवा, उत्तर दाबेपर्यंत उचलायचा नाही. बाई दोनदा मागून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

शेवटी काउंटरवर त्यांनीच कागद दिला. पास. त्या कागदावरही कुठं नॉट दडलाय का, ते मी बघून घेतलं. नव्हता.

शहासाहेबांनी कागद पाहिला आणि वाजणारा फोन माझ्याकडं सरकवला. "घे. आता बोल पाहिजे तेवढं."

त्यानंतर पुष्कळ पॉलिस्या विकल्या. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो : कंपनी काय देणार ते ब्रोशरवर मोठं लिहिलेलं असतं, काय देणार नाही ते आधी शोधा. तो नॉट बहुतेक मधेच कुठंतरी असतो.

वहिनींचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. ते आलं, कामाची बंदी उठली की इथल्या वकिलीची परीक्षा देणार म्हणतात. ती पुस्तकं विटेएवढी जाड असतात. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण प्रश्न वाचून दाखवता येतील. वहिनी सांगतील तो शनिवार, सांगतील ती लायब्ररी. त्या पास होईपर्यंत मी समोर बसून वाचणार आहे.