देवीच्या आधी चाखलेली आमटी

त्या माणसाची जीभ चमच्याच्या आधी बाहेर यायची. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आठवतं ते हेच. दुपारची भांडी झाली की आई पदराला हात पुसत टीव्हीसमोर बसायची आणि तो पांढऱ्या कोटातला, गुळगुळीत गालांचा शेफ आमच्या हॉलमध्ये अवतरायचा. बोटात जाड सोन्याची अंगठी. त्याच हातानं तो कणीक मळायचा, मॅरिनेशन चोळायचा आणि अंगठीच्या कडेला पीठ अडकलेलं कॅमेऱ्यात स्वच्छ दिसायचं. मग चमचा, मग जीभ. कॉलरला लावलेल्या माइकमधून ओला आवाज यायचा, च्क. डोळे मिटून तो मान डोलवायचा, अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत धरायचा आणि म्हणायचा, "अहाहा!" त्यानंतर तोच चमचा पुन्हा कढईत.

"आई, उष्टं घातलं त्यानं," मी एकदा म्हणाले.

"अगं, शूटिंग असतं ते. कोण खातंय नंतर," आई म्हणाली. तिची नजर हलली नाही.

शहरात छावणीजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दार नाही, नुसती कमान आहे. त्यामुळे टीव्हीवरचं सगळं सरळ ओट्यावर यायचं. ज्वारीच्या भाकरीवर केचप, शिमला मिरची आणि किसलेलं चीज घालून भाकरी पिझ्झा झाला. दोडकं पांढऱ्या सॉसमध्ये बुडालं. मेयॉनीज लावलेलं थालीपीठ झालं. ते गरम होतं, त्यामुळे मेयॉनीज वितळून त्याचं पिवळट तेल ताटभर पसरलं. चीजची तार तुटायची नाही. ती बाबांच्या मिशीपासून ताटापर्यंत लोंबायची आणि मला दुसरीकडे बघावं लागायचं. बाबा वाळूजच्या कंपनीतून दमून आलेले असायचे. ते खायचे आणि म्हणायचे, "बरंय." आई उभी राहून आमची तोंडं बघायची. मी घास पाण्याबरोबर गिळायचे.

ती हे का करते, ते मला माहीत होतं. आमचं मूळ घर बिडकीनचं. शेत तिथं, देव तिथं, आणि चुलीवर हक्क मोठ्या काकूचा. मोठी काकू म्हणजे माझी मोठी चुलती, आईची थोरली जाऊ. दरवर्षी भाद्रपदात तिथं महालक्ष्म्या बसायच्या आणि सगळं घराणं जेवायला जमायचं. आईला त्या दिवशी निवडायला आणि सोलायला द्यायचे. नैवेद्याला लसूण चालत नसे, म्हणून आलं. आलं झालं, की नारळ. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नैवेद्याच्या पातेल्यात तिची पळी कधी गेली नव्हती. "तिला आंदाज न्हाई," काकू पाहुण्यांसमोर म्हणायची आणि आई हसायची. तिचं ते हसणं मला शेफच्या आवाजाइतकंच सहन व्हायचं नाही.

पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. त्या चिकट माणसानं आईला खरोखर एक गोष्ट शिकवली. आमच्या घरी शिजताना कुणी चाखत नसे. आधी देवाला, मग आपल्याला. मीठ कमी पडलं तर पडलं. तो मात्र रोज सांगायचा, प्रत्येक पायरीला चाखा. आई चाखायला लागली. फोडणीनंतर, उकळीनंतर, कोथिंबीर घालायच्या आधी. पळीतलं तळहातावर घ्यायची, जिभेनं टिपायची, डोळे मिटायची. तिच्याही तोंडातून तो आवाज यायचा. च्क. मी खोलीत निघून जायचे. तरीही तिचं साधं वरण, तिची भरली वांगी, तिची येसराच्या मसालापिठाची आमटी वर्षभरात अशी बदलली की बाबा "बरंय" म्हणायच्या आधी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले.

आणि त्याच वर्षी काकूनं बिडकीनचं घर पाडून नवीन बांधायला काढलं. महालक्ष्म्यांचे मुखवटे ठेवायचे कुठं हा प्रश्न आला. काकू स्वतः मुखवट्यांची पेटी मांडीवर घेऊन आमच्याकडं आली. "औंदा तुझ्याकडं बसव," ती आईला म्हणाली. "माझे गुडघे गेले. नीट झालं सगळं, तर इथंच ऱ्हाऊ दे त्यांना. मला कुठं होतंय आता?"

आईनं पेटी दोन्ही हातांनी घेतली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. महालक्ष्म्या तिच्या घरी, नैवेद्य तिच्या हातचा, आणि कायमचा.

जेवणाच्या दिवशी घर घामानं, उदबत्तीनं आणि झेंडूनं कोंदलं. हॉलमध्ये भरजरी साड्या नेसून महालक्ष्म्या उभ्या होत्या, वरती करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगला होता. टीव्हीवर चादर घातली होती. काका, चुलत भाऊ, आत्या, सवाष्णी, सगळे चपला दारात ढीग करून बसले होते. कुणीतरी पायाची बोटं चोळत होतं आणि त्याच हातानं शेंगदाणे खात होतं. आई पहाटेपासून न्हाऊन, धुतलेलं नेसून ओट्याशी होती. पुरण झालं होतं, सोळा भाज्या झाल्या होत्या, आंबील झाली होती. काकू स्टुलावर बसून बघत होती आणि मी कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होते.

"का गं म्याडम," काकू मला म्हणाली, "इंग्लिश शाळंत कोथमिरीचे देठ ठिवायला शिकवतात का?"

मी देठ काढले. मी कधीच उत्तर देत नाही. माझ्या गप्प राहण्याला घरात शिष्टपणा म्हणतात.

"आन् तू गं, टीव्हीवरल्या बाप्याला इचारलंस का, पुरणात चीज घालायचं का म्हणून?"

"नाही घातलं, ताई," आई हसून म्हणाली. त्या दिवशीचं हसणं वेगळं होतं. ती खूश होती. वासावरूनच तिला कळत होतं की सगळं जमून आलंय.

काकू वाती वळायला हॉलमध्ये गेली. कटाच्या आमटीला उकळी आली. आईनं गॅस बारीक केला, पळी बुडवली, तळहातावर आमटी घेतली आणि चाटली. डोळे मिटले. मान डोलवली. अंगठा आणि तर्जनी जुळून वर आली.

मी तोंड उघडलं तोपर्यंत पळी पातेल्यात परत गेली होती. काकू कमानीत उभी होती. तिच्या हातात कापूस तसाच होता.

"झालं!" काकू म्हणाली. "देवीच्या आधी तूच जेवलीस व्हय?"

आईनं डोळे उघडले. आपण काय केलं ते तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं तळहाताकडं बघितलं. तो ओला होता.

"ताई, चुकून... सवयीनं हात गेला."

"हात न्हाई गेला. जीभ गेली."

"मी दुसरी करते. कट काढलेला आहे अजून. दहा मिनिटांत..."

"आन् बाकीचं? बाकीचं चाखलं न्हाईस, हे मी कशावरनं मानू?"

आईनं तळहात पदराला पुसला. तिनं बाकीचं चाखलं नव्हतं. मी पहाटेपासून तिथं होते, मला माहीत होतं. मी म्हणाले, "काकू, फक्त आमटी." माझा आवाज इतका लहान निघाला की मलाच तो जेमतेम ऐकू आला.

बाहेरून काकांनी हाक मारली, "अगं, आरती करायची का झोपायचं? पोरं फुलोऱ्याकडं बघून राह्यलीत!"

काकूनं हॉलकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. मला वाटलं ती आता सगळं ओतायला लावेल. निदान त्यात काहीतरी सरळ असतं. पण तिनं पुढं येऊन आईच्या हातातली पळी काढून घेतली, नळाखाली धरली आणि आवाज खाली आणला.

"बाहेर बोलू नगं. तमाशा नको. हेच वाढ नैवेद्याला, देवीला काय सांगायचं ते मी सांगते. पण पुढल्या साली मुखवटे बिडकीनला. घर होतंय तवर."

"ताई, दुसरी करू द्या ना मला."

"कशाला? चव तर बघून झालीय न्हवं?"

आईनं नैवेद्याचं ताट वाढलं. आमटीची वाटी मी ठेवली. आरती झाली. पंगत बसली.

त्या पंगतीनं जे खाल्लं ते मी विसरू शकत नाही. आमटी वाट्यांतून नाही, भातात आळं करून वाढली जात होती आणि लोक ती हातानं ओरपत होते, मनगटापासून कोपरापर्यंत ओघळ. काकांनी तीनदा मागितली. "काय आमटी झालीय!" आत्या म्हणाली. "कुणाच्या हातची?"

"आमच्या घरची रीतच हाय ती," काकू म्हणाली. ती माझ्या समोरच बसली होती. देवीला उष्टं लागलं म्हणणाऱ्या त्या बाईनं आमटीभात संपवला, पुन्हा घेतला, पुन्हा संपवला. मग पाचही बोटं एकेक करून तोंडात घातली आणि चोखली. अंगठीच्या खाली अडकलेलं पुरण तिनं दातानं काढलं. तोच ओला आवाज. फक्त माइक नव्हता.

मी उठून बेसिनवर गेले आणि साबणानं हात धूत राहिले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं. मी जेवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवरची चादर निघाली, पण आईनं टीव्ही लावला नाही. कित्येक दिवस लावला नाही. दोडक्याची साधी भाजी होऊ लागली, न चाखता केलेली, कधी खारट, कधी अळणी. मला पाहिजे होतं तेच झालं होतं, घरात चीज नव्हतं, मेयॉनीज नव्हतं, तो आवाज नव्हता. आणि मला एकही घास गोड लागत नव्हता.

पुढच्या भाद्रपदात मुखवट्यांची पेटी आईनंच बिडकीनला नेली. नव्या घरात काळ्या ग्रॅनाइटचा चकचकीत ओटा होता. काकू त्याच्याशी स्टूल लावून बसली, आई खाली फरशीवर आलं सोलत. नैवेद्य झाला, आरती झाली, पानं मांडली. बायकांच्या ओळीत मी आईशेजारी बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. काकू घालायला विसरली होती.

मी सगळ्यांकडं बघितलं. घास तोंडात फिरत होते.

"वा, वहिनी!" आत्या म्हणाली.

"फक्कड!" पलीकडच्या ओळीतून काका ओरडले आणि त्यांनी बोटं चाटली.

घास मी पाण्याबरोबर गिळला. वर्षानुवर्षं हे असंच चाललं असणार. टीव्हीवरचा तो माणूस निदान पगार घेऊन खोटं डोलत होता.

मग आईचा हात पानाच्या डाव्या कोपऱ्याकडं गेला. तिथं वाढलेलं मीठ तिनं चिमटीत घेतलं, आमटीभातावर टाकलं, कालवलं. सावकाश. लपवून नाही.

काकू वाढता वाढता समोर थांबली. "का गं? कमी हाय का मीठ?"

 आईनं घास घेतला, चावला, गिळला.

"नाहीच आहे, ताई," ती म्हणाली. "घालायचं राहिलंय."

 आत्यानं मान खाली घातली. काकू आमटीची बादली घेऊन तशीच उभी होती. मग एकेक करून हात हलायला लागले. आत्याचा, चुलतवहिनीचा, पलीकडे काकांचा. सगळे आपापल्या पानाच्या डाव्या कोपऱ्याकडं.