ट्रंकेवरचं नाव

वसतिगृहाच्या ओसरीवर आज सुनंदाबाई पांढरा रंग आणि ब्रश घेऊन बसल्या होत्या. पस्तिशी ओलांडून त्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आल्या आहेत. नवरा फौजेत होता, सीमेवर लढताना गेला. त्याच्यामागे पत्नीला शिक्षणाची जी सवलत मिळते, तिच्यावर त्या शिकतात.

समोर त्याची पत्र्याची काळी ट्रंक होती. फौजी माणसाच्या ट्रंकेवर नंबर, हुद्दा, नाव असं सगळं रंगवलेलं असतं. तो गेल्यावर ही ट्रंक तेवढी घरी आली. आता तिच्यात पुस्तकं असतात. पुसट झालेली अक्षरं त्या एकेक करून गिरवत होत्या. तोंडानं मात्र नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नाहीत.

"आता तुमचं नाव घाला की," मी म्हणाले.

"असू द्या मॅडम, त्यांचंच. मला शिकायचं होतं, तर म्हणायचे, पेन्शनवर आलो की बघू." त्यांनी ब्रश रंगात बुडवला. "ते आले असते, तर मी अजून चुलीपुढंच असते."

मी इथली रेक्टर. त्यांच्या पावतीवर 'फी माफ' असं मीच लिहिते. माफ कसली? ती कुणीतरी आधीच भरून गेलं आहे, आणि ती परत करायची सोय नाही.

मुली चहाला हाका मारून गेल्या, तरी सुनंदाबाई उठल्या नाहीत. रंग ओला होता. जेवायला बसलेल्या माणसाला घालावा, तसा त्या नावाला पदरानं हळूहळू वारा घालत राहिल्या.