म्हसाच्या जत्रेला न गेलेला बैल

मुरबाडजवळच्या म्हसाची जत्रा बघायची म्हणून पौषातल्या एका शनिवारी मी आणि माझी बायको अश्विनीने मोटारसायकल काढली. वाशिंदच्या कारखान्यात माझ्याबरोबर काम केलेला काशिनाथ आता वैशाखरे गावी शेती करतो. "आधी घरी या, मग संगतीनंच जाऊ. मी बैल विकाया नेतोय," असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारा रस्ता अरुंद आहे, पण रहदारी कमी. सरळगावला माळशेजचा हमरस्ता लागतो. चहा-वडापाव तिथेच उरकून घ्या. दुपारी उन्हाने हेल्मेटच्या आत घामाच्या धारा लागल्या. पौष असा कधी भाजायचा का, असं आम्ही एकमेकांना विचारलं आणि पुढे निघालो.

काशिनाथच्या घरी पारूवहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. त्यांची मुलगी सुमन यंदा बारावीला. तिला नर्सिंगला जायचं आहे, आणि सोन्या बैलाच्या पैशातून तिची फी भरायची असं घरात ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला, पण सोन्या उठेना. वैरण तशीच पडलेली. पारूवहिनींनी त्याच्या कानाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. कान तापला होता. कानामागे आणि मांड्यांत फुगलेले गोचीड चिकटले होते.

मुरबाडहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी रक्त काचेवर घेतलं, इंजेक्शन दिलं. "गोचीडताप वाटतोय. गोचीड तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. पूर्वी थंडी पडली की गोचीड कमी व्हायचे, आम्हालाही उसंत मिळायची. एखाद्या वर्षाचं सोडा, पण हल्ली वर्षामागून वर्षं थंडी उशिरा येते, लवकर जाते. गोचिडांना ऊब आणि दमटपणा मिळाला की ते वाढतच राहतात."

डॉक्टर गेल्यावर टेम्पोवाला हळूच म्हणाला, "काशिनाथ, इंजेक्शनानं दुपारपर्यंत उभा राहील. गोचीड काढून टाक, शिंगं रंगव. जत्रेत कोण बघतंय?"

काशिनाथ सोन्यापेक्षा सुमनकडेच जास्त बघत होता. मग त्याने खरोखरच दावं सोडायला हात घातला.

"नाय न्यायचा," पारूवहिनी म्हणाल्या.

"सुमनचं काय मग? वर्ष जाईल तिचं."

"जाऊदे. आपल्या गोठ्यातला ताप दुसऱ्याच्या गोठ्यात नाय धाडायचा."

काशिनाथने दावं पुन्हा बांधलं. टेम्पो रिकामा परत गेला. सुमन आत निघून गेली. तिच्या मागे जावं की नाही, हे अश्विनीला कळेना.

काशिनाथच्या आग्रहाने आम्ही दोघेच म्हसाला गेलो. जत्रा मोठी देखणी असते. मोटारसायकल गावाबाहेर लावा, घोंगड्या सकाळी बघा, मिठाई ताजी तळत असतील तिथूनच घ्या. पण बैलबाजारात माझं लक्ष लागेना. रांगेत उभ्या जनावरांच्या कानामागेच डोळे जात होते. हा कुठून आला, तो कुठे जाणार? एका दिवसात किती गावं एकमेकांना जोडली जातात!

घरी आल्यावर अश्विनीला पोटरीवर एक गोचीड सापडला. चिमट्याने डोक्यासकट सरळ ओढून काढला, साबणाने धुतलं. तुम्ही गोठ्यात किंवा रानगवतात फिरलात तर एवढं नक्की करा, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाचं सांगा. आमचं तेवढ्यावर निभावलं.

सोन्या वाचला, पण खंगला; विकण्याजोगा राहिला नाही. पावसाळ्यात सुमन मला वाशिंदच्या बाजारात भेटली. इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती, मावशीकडे राहत होती.

"आईचा राग येतो का गं?" मी विचारलं.

"आलता तवा. पण बैल घेणाऱ्याच्या घरीपण एखादी पोर असंल ना दादा. मग माझ्याजागी तिचं शिक्षण थांबलं असतं."