पोत्यावर आडवी गाडी

दादा गेल्याचा फोन अमोलने, त्याच्या मुलाने केला. "आत्या, बाबा झोपेतच गेले," एवढंच म्हणाला. मी हिंगोलीहून जीपने कनेरगाव नाका आणि तिथून गाव गाठलं, तर ओसरीत जमलेली माणसं दादाच्या मोटारसायकलचंच कौतुक करत होती. कधी मेकॅनिककडे नेली नाही, क्लचसुद्धा घरीच बदलायचा, गाडी जपावी तर यानेच... सुनंदावहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. रडत नव्हत्या. मला मात्र रडू आवरत नव्हतं, कारण माझ्यावर त्याचा फार जीव होता.

माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडीचा क्लच घसरायला लागला होता. दादाने गाडी पोत्यावर डाव्या कुशीला आडवी केली, म्हणजे ऑइल सांडत नाही. उजवं कव्हर काढलं, स्प्रिंगा सोडल्या, जळक्या क्लचप्लेटा काढून ऑइलमध्ये भिजवलेल्या नव्या बसवल्या आणि सकाळी मला वेळेत केंद्रावर सोडलं. आज मी शिक्षिका आहे ती त्याच्यामुळे.

वहिनींसाठी हेच हात उलटे चालायचे. लग्नानंतर नर्सिंगला त्यांचा नंबर लागला आणि कागद दाखवायला हिंगोलीला बोलावणं आलं. मी सोडतो, असं दादाच म्हणाला होता. सकाळी वहिनी नवी साडी नेसून बाहेर आल्या तर गाडी पोत्यावर आडवी आणि क्लचप्लेटा परातीत. "क्लच घसरून राहिला. रस्त्यात बंद पडली म्हंजे तकलीफ कोणाला?" दादा शांतपणे म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. संध्याकाळी गाडी जोडून स्वतः नाक्यावर चहाला गेला.

मग माहेरचं लग्न, बहिणीचं बाळंतपण, बचत गटाची बैठक... वहिनी निघाल्या की क्लच उघडलाच. दारात गाडी असताना बायको पायी नाक्यावर गेली तर नवऱ्याची अब्रू जाते, असं आमच्याकडे मानतात. त्या अब्रूपायी वहिनी साडी बदलून चुलीपुढे बसायच्या आणि गाव म्हणायचं, किती जपतो गाडीला! मेल्या भावाबद्दल असं लिहिते म्हणून नातेवाईक चिडतील. चिडोत. मला त्याची आठवण येते आणि त्याचा संतापही येतो, दोन्ही एकदमच.

दादा गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी हिंगोलीत मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली. मीच वहिनींचं नाव दिलं. मुलाखतीला अमोल त्यांना आणून सोडणार होता. मी फाटकाशी वाट बघत थांबले. वहिनी फार उशिरा आल्या, जीपमधून उतरून, घामाघूम, एकट्याच. हातातली पिशवी काळ्या ऑइलने माखलेली होती. ती माझ्याकडे देऊन त्या आत गेल्या. पिशवीत कागद नव्हते, क्लचप्लेटा होत्या.

सकाळी अमोलने गाडी आडवी केली होती. बापाला जाऊन महिना झाला नाही आणि तू कुठं निघालीस, लोक काय म्हणतील, असं आईला ऐकवून तो हात धुवायला गेला. तेवढ्यात वहिनींनी परात पिशवीत रिकामी केली आणि भर गावातून पायी नाका गाठला.

त्या बाहेर आल्या तेव्हा जागा दुसऱ्या बाईला देऊन झाली होती. वहिनींनी पिशवी परत घेतली आणि गावाकडची जीप धरली.

आता क्लचप्लेटा वहिनींच्या ट्रंकेत आहेत, किल्ली कमरेला. अमोलने बाजारातून नव्या आणल्या, त्याही ट्रंकेत गेल्या. तो रोज उन्हात पायी नाक्यावर जातो, कामावर उशिरा पोचतो आणि बोलणी खातो. गाडी दादाच्या त्याच पोत्यावर आडवी पडून आहे. परवा मी म्हटलं, वहिनी, पोराचं काम जाईल, आता तरी देऊन टाका.

"जाऊ द्या," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "माझं गेलं तवा कोणी इचारलं व्हतं, ताई?"