खोली द्या, माणूस चांगला आहे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसले आणि हे मनात आलं, की मी उठतेच — दूध आठवतं, वाळत घातलेले कपडे आठवतात. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावची. मेडशीच्या शाळेत शिकवते. नवरा एसटीत चालक, लांबच्या गाड्यांवर. आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. बँकेचं कर्ज काढून आम्ही घरावर दोन खोल्या बांधल्या. भाड्यातून हप्ता निघेल, एवढाच विचार. खोल्या झाल्या आणि बरेच दिवस रिकाम्याच राहिल्या. शाळेतून आले की मी वर जाऊन नुसती उभी राहायची. नव्या रंगाचा वास, खिडकीतून येणारं पिवळं ऊन, फरशीवर त्याची हळूहळू सरकणारी चौकट... मला ते फार आवडायचं. आणि भीतीही वाटायची — कुणी आलंच नाही तर?

मग विजय आला. शेतीच्या औषधांचा फिरता विक्रेता आहे म्हणाला. गोड बोलणं, स्वच्छ शर्ट. आधार कार्ड उद्या, करारनामा पुढच्या आठवड्यात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते हे मला ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये मीच इतरांना सांगायची. पण त्यानं तीन महिन्यांचं भाडं हातावर ठेवलं आणि मी किल्ली दिली. ही चूकच — पण मला सांगायची आहे ती ही नाही.

त्यानं वाईट असं काय केलं? सांगायला गेलं तर हाताला काही लागत नाही. जिन्यात बसून राहायचा. मी धुणं घालायला गेले की पायरी सोडायचा नाही. अंग चोरून जावं लागायचं. एकदा म्हणाला, "बाई, भाऊ ड्युटीवर गेले का तुमी एकल्याच राह्यता ना? काळजी नका करू. माह्यं लक्ष असते." त्या दिवसापासून मी नवऱ्याच्या जुन्या चपला दारात ठेवू लागले, घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून. चार-पाच दिवसांनी पाहते तर तो खाली वाकून त्या चपला रुमालानं पुसत होता. "भाऊच्या चपलीवर धूळ बसली बाई," म्हणाला. आणि हसला.

मी भरदिवसा कडी लावून राहू लागले. नवऱ्याला सांगितलं नाही — तो तापट, हातघाईवर आला असता. शेवटी धीर करून विजयला म्हटलं, सासूबाई राहायला येणार आहेत, खोल्या हव्यात. तो सहज म्हणाला, "जातो ना. शिरपूरले एका म्हातारीची खोली पाह्यली. तिचा फोन यीन तुमाले. तुमी चांगलं सांगजा, म्हंजे मी चाल्लो."

फोन आला तेव्हा दिवाळीची सुट्टी होती. दुपारची वेळ. गच्चीवर आमच्या शेतातलं सोयाबीन वाळत होतं आणि मी अनवाणी त्यातून पाय फिरवत चालले होते. दाण्यांचा तो सळसळता आवाज, डोळ्यांवर ऊन — सगळं कसं दूर, पाण्याखाली असल्यासारखं. फोनवरचा आवाज म्हातारा, सावकाश. सुमनबाई. त्या म्हणाल्या, "मी घरात एकलीच राह्यतो बाई. पोरगा पुन्याले. मधात एकच दार आहे, म्हनून पुसून राह्यलो. मानूस कसा आहे वो? खरं सांगजा. तुमी म्हनसान तर देतो खोली."

हा प्रसंग मला स्वप्नात येतो. स्वप्नात विजय नेहमी जिन्याच्या तोंडाशी उभा असतो, हाताची घडी घालून ऐकत. मी घाबरते आणि खोटं बोलते. किती वर्षं मी जागेपणीही तसंच आठवत आले! तो उभा होता, मी काय करणार होते?

पण तो तिथे नव्हता. मला नीट आठवतं. सकाळीच बॅग घेऊन बाहेर पडला होता. जिना रिकामा होता. खालच्या दाराला मी आतून कडी लावलेली होती. मला कुणी पाहत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं. आणि मी म्हणाले, "खोली द्या. माणूस चांगला आहे. घरच्यासारखा राहिला आमच्याकडे."

तो गेला त्या दिवशी मी दोन्ही खोल्या धुऊन काढल्या. गाणं म्हणत होते — हेही सांगितलं पाहिजे.

पुढचं मला शिरपूरहून येणाऱ्या एका शिक्षिकेनं सांगितलं. त्यानं भाडं बंद केलं. मधल्या दाराची कडी काढून टाकली. माणसं आणून बसवायचा. सुमनबाई स्वयंपाकघरात कोंडल्यासारख्या राहायच्या. एका सकाळी त्यांनी खोली सोड म्हटलं, तर त्यानं त्यांना दारापुढच्या ओट्यावरून ढकललं. खुब्याचं हाड मोडलं. पोलीस येईपर्यंत तो पसार झाला होता.

मी दवाखान्यात गेले. सोबत मोसंबी घेतली होती. केवढीशी बाई ती! खाटेवर पोर निजल्यासारखी. मी नाव सांगितलं तशी त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता विचारतील. विचारावं, असंही वाटलं. पण त्यांनीच मला समजावलं. "तुमी कायले जिवाले लावून घेता? तुमच्या इथं बराच राह्यला असंल तो. दुसऱ्याच्या पोटातलं कोनाले दिसते बाई?"

त्यांचा हात गरम होता, हलका होता. मी म्हणाले, "हो. आमच्याकडे बराच होता."

घर विकून त्या मुलाकडे गेल्या. आता काठी घेऊन चालतात म्हणे, दारापर्यंत. विजयचं पुढे काय झालं, कुठे कुणाच्या घरात राहतो, मला माहीत नाही. माझ्या वरच्या खोल्यांत एक नवरा-बायको राहतात, दोघंही परिचारक. त्यांचे सगळे कागद मी नीट घेतले. गल्लीत कुणी नवी खोली बांधली की लोक मला विचारायला येतात. बाई पक्क्या आहेत, म्हणतात. मी त्यांना बसवते, चहा देते, एकेक गोष्ट सांगते — आधार घ्या, करार करा, ठाण्यात कळवा, आणि जुन्या घरमालकाला फोन करून विचारा. हे शेवटचं सांगतानाही माझा आवाज बदलत नाही.

दवाखान्यात मी त्यांच्यापाशी तासभर बसले होते. मोसंबी सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होते. त्या खात होत्या आणि मला चांगली म्हणत होत्या. मी ऐकून घेतलं.