तिसरा हात

रंगारीबुवांना सगळी गल्ली 'तिसरा हात' म्हणायची. बाकीचे रंगारी भिंतीला रंगाचे दोन हात देतात आणि डबे उचलून चालू लागतात. बुवा तिसरा हात द्यायचेच. घरमालक म्हणायचा, "अहो, पुरे की आता, छान दिसतंय." बुवा शिडीवरून खालीही न बघता म्हणायचे, "तुम्हाला दिसतंय हो, पण भिंतीला कळतं ना!" चाळीस वर्षं या माणसाने लोकांच्या घरातले डाग घालवले. ओल म्हणा, काजळी म्हणा, पोरांनी काढलेले हत्ती म्हणा, बुवांचा तिसरा हात फिरला की मागचं सगळं गडप.

आणि याच माणसाच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या भिंतीवर, हा एवढा तेलकट डाग! येणारा-जाणारा गालातल्या गालात हसायचा. सून तर लग्न होऊन आली तेव्हापासून मागे लागली होती, "बाबा, एवढी एक भिंत करून टाका ना." बुवांकडे सबबींना काय तोटा! आज हवा दमट आहे. उद्या मनासारखा रंग मिळत नाही. परवा कंबर धरलीय. मुलगा चिडायचा, "लोक काय म्हणत असतील, बाबा?" बुवा म्हणायचे, "म्हणू देत."

खरं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या भिंतीला डोकं टेकून, बुटक्या स्टुलावर बसून त्यांची बायको भाजी निवडायची. पंचवीस वर्षं. डोक्याला चपचपीत तेल, आणि डावा कान दाराकडे लावलेला. उजव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं, आणि जिन्यावर बुवांची पावलं तर ऐकायची असायची! ती जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो होते, पण त्यात ती फोटोसाठी बसलेली. भिंतीवर होती ती बुवांची वाट बघत बसलेली. मुलाला हे कळू नये याचं नवल वाटेल कुणाला. पण जन्मल्यापासून रोज डोळ्यासमोर असलेली वस्तू माणूस बघतो थोडाच?

मग ते मालिकेचं काम आलं. गावापासून तीन तासांवर एका बंद पडलेल्या छापखान्यात सेट उभा राहत होता. खुनाची मालिका, सहा भागांची. बुवांना वाटलं, पळापळ असेल, पिस्तुलं असतील, निदान कुणी ओरडेल तरी. कसलं काय! दिग्दर्शक होत्या एक बाई, पांढऱ्या केसांच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्या सकाळपासून एका खुर्चीवर सरकणारं ऊन बघत बसायच्या. ते मनासारखं पडलं की मगच कॅमेरा हलायचा. हलायचा म्हणजे तरी काय, गोगलगाय बरी म्हणायची.

बुवांनी खोली रंगवली. तिसऱ्या हातासकट. बाई आल्या, पाव तास भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, इथे कुणी राहिलेलंच नाही."

"म्हणजे?"

"या खोलीत एक बाई वीस वर्षं राहत होती. तिचा खून झालाय. ती पडद्यावर एकदाही दिसणार नाही. मग ती भिंतीत तरी दिसायला नको?"

चाळीस वर्षांत बुवांच्या भिंतीला कुणी नावं ठेवली नव्हती. ते आधी तडकले, मग पेटून कामाला लागले. चहाचं पाणी शिंपडलं, काजळी फासली, ओल्या फडक्याने भिंत खराब केली. बाईंनी मान हलवली. "ही नुसती घाण झाली, काका. मला राहणं हवंय."

त्या रविवारी बुवा घरी आले. मुलगा-सून बाहेर गेल्याची संधी साधून त्यांनी एक सुतळी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या डागाची मापं घेतली. जमिनीपासून किती उंच, कुठे जास्त गडद, दाराकडे किती झुकलेला, सगळ्याच्या गाठी मारल्या. सेटवर परत गेल्यावर केसांना लावायचं तेल तळहातावर कोमट केलं आणि गाठी बघून भिंतीला एक पुसट थर दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा. रोज एक. पंधरा दिवस हा उद्योग चालला होता. सोळाव्या दिवशी बाई आल्या, बघितलं, आणि भिंतीला हात न लावता हळूच विचारलं, "कोण होत्या?"

"बुटकी होती," एवढंच बोलून बुवा ब्रश धुवायला निघून गेले.

काम संपवून ते घरी परतले तर जिन्यातच ताज्या रंगाचा वास. बुवा उरलेल्या पायऱ्या धावतच चढले. वर मुलगा दारात उभा, केसांत पांढरे शिंतोडे, तोंडभर हसू.

"डोळे मिटा, बाबा!"

डोळे उघडले तर स्वयंपाकघराची भिंत लख्ख. डाग नाही. काही म्हणता काही नाही.

"आधी घासली, मग प्रायमर लावला," मुलगा सांगत होता. "आणि तीन हात दिले बरं का! तुमचा मुलगा आहे शेवटी."

आता या मुलाने उभ्या जन्मात ब्रश हातात धरला नव्हता. लहानपणी बापाच्या कपड्यांना वास येतो म्हणून तोंड फिरवायचा. मोठेपणी कचेरीत खुर्चीवर बसून काम करायला लागला. त्या हाताला आज फोड आले होते. बुवांनी फोड बघितले, भिंत बघितली. तोंडाशी आलेला शब्द त्यांनी गिळला.

"कडा छान धरल्यास," ते म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

तरी मनात एक आशा होतीच. तेलाचा डाग भारी चिवट. एक हात दिला तर आठवड्यात वर येतो, दोन दिले तर दोन-तीन महिन्यांत. बुवा रोज सकाळी चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभे राहायचे. सुनेला वाटे, पोराच्या कामाचं कौतुक करतायत. पण डाग काही येईना. पोराने तिसरा हात दिला होता ना!

वर्षभराने मालिका आली, सहाही भाग एकदम. रविवारी दुपारी तिघं टीव्हीसमोर बसले. खून पहिल्याच भागात झाला आणि पोलीस तिसऱ्या भागापर्यंत जिनाच चढत होते. सून जांभया देत होती. चौथ्या भागात त्या खोलीचं दार उघडलं आणि कॅमेरा भिंतीकडे निघाला, आपल्या नेहमीच्या चालीने.

"आता ही भिंत किती वेळ बघायची?" म्हणत सुनेने रिमोट उचलला.

"राहू दे, बाळा," बुवा म्हणाले.

खिडकीतून ऊन आलं, जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं आणि डागावर थांबलं. मुलगा ताठ बसला. त्याने टीव्हीकडे बघितलं, मग उघड्या दारातून स्वयंपाकघराच्या पांढऱ्याफेक भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा टीव्हीकडे.

"आई," तो म्हणाला. "बाबा, ही आई आहे."

बुवांनी मान डोलावली.

"अहो, मग मला सांगायचं होतं ना! एका शब्दाने तरी! मी कशाला... मी पुसून टाकलं, बाबा."

"काय सांगणार? पहिल्यांदा ब्रश धरलास हातात." बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आणि तिसरा हातसुद्धा दिलास."

मुलगा लहान पोरासारखा रडायला लागला. सुनेने रिमोट पार कपाटावर ठेवून दिला. पडद्यावर ऊन अजून तिथेच होतं. चांगली चार मिनिटं होतं. बाईंना कसलीच घाई नव्हती, देव त्यांचं भलं करो.

ती मालिका त्या घरात अजून चालू आहे. दर रविवारी दुपारी चौथा भाग लागतो, भिंत येते, आणि तिघं बघत बसतात. पाचवा नि सहावा त्यांनी अजून बघितलेलाच नाही. खून कुणी केला, ते त्यांना काही सांगता यायचं नाही.